लपणात बोलायचं नाही

लपणात बोलायचं नाही, हा नियम बाबांनीच केलेला. लपण म्हणजे तळ्याच्या काठी, पाणगवतात, खांबांवर उभी केलेली लाकडी खोली. तिला एक दार, एक लांबलचक बाक आणि समोरच्या भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट. पक्ष्यांना आपण दिसायचं नाही आणि आपल्याला पक्षी दिसायचे, एवढाच त्या खोलीचा उद्योग. आत गेलं की फोन बंद, खोकला आला तर रुमालात, आणि बोलायचा हक्क एकट्या बाबांना, तोही कुजबुजत. बाकीच्यांना शंका आली तर त्यांनी बोट वर करायचं. चांगली पिकल्या केसांची माणसं तिथे पहिलीतल्या पोरांसारखी बोटं वर करून बसतात. मला सुरुवातीला हसू यायचं. आता येत नाही.

त्या रविवारी मला बाबांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती दुपारच्या आत सांगायची होती.

मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. पडदे म्हणजे सरळ शिलाई. वर दुमड, खाली दुमड, मधे नुसतं सरळ, सरळ, सरळ. मशीनवर बसल्या बसल्या झोप लागली तरी पडदा बिघडत नाही. माझा हात आहे तो कपड्यांवर. आठवड्यापूर्वी दूरच्या शहरातल्या एका नाटक कंपनीच्या कपडे सांभाळणाऱ्या बाई मखमल घ्यायला दुकानात आल्या. खुंटीवर माझा कोट होता, मीच शिवलेला. त्यांनी तो विचारता न विचारता उलटा केला, आतली शिलाई पाहिली, बाहीच्या मुंढ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "तू इथे काय करतेस?" मी हातातल्या पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनीच सांगितलं. कंपनी दौऱ्यावर निघणार आहे, पुढच्या मंगळवारी गाडी सुटेल, कपड्यांच्या खोलीत त्यांना माणूस हवंय. रविवारी दुपारपर्यंत फोन कर, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. कामाची बाई होती, कामाचं बोलली.

पहाटे अंथरुणातच मी वाक्य पाठ केलं होतं. बाबा, मला नोकरी मिळालीय, बाहेरगावी, आणि मी जाणार आहे. यात न समजण्यासारखं काय आहे? पण स्वयंपाकघरात गेले तर बाबा आधीच कपडे करून बसलेले. चहाही त्यांनीच केलेला, अर्धा कपात आणि अर्धा ओट्यावर. समोर दुर्बीण. मऊ फडक्याने काचा पुसणं चाललं होतं, आधी एक, मग दुसरी, मग परत पहिली. ज्या काचांतून आपल्याला काही दिसत नाही त्या काचा इतक्या जिवापाड पुसणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी ओटा पुसला आणि उरलेला चहा प्यायले.

हो, बाबांना दिसत नाही. म्हणजे अगदी अंधार नाही. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं धूसर दिसतं. त्यामुळे ते रस्त्याने नीट चालतात, दाराला धडकत नाहीत, बोलताना तोंडही समोरच्याकडेच असतं. पण ज्या गोष्टीकडे पाहावं नेमकी तीच पुसली जाते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यातच बाबांनी माझं मनगट धरलं. "कुणाला सांगायचं नाही. दादालाही नाही. थोडे दिवस." थोडे दिवस म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. त्याला दोन वर्षं होऊन गेली.

दादा, माझा मोठा भाऊ, दर रविवारी संध्याकाळी फोन करतो. "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत गं," म्हणतो. मागून वहिनी ओरडते, "तुझ्यासारखी तूच!" हे कौतुक ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी "हो रे" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते.

बाबा जन्मभर टपाल कचेरीत खिडकीमागे बसले. तिथे त्यांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं. तळ्यावर मात्र ते काका. तिथे त्यांच्या शब्दाला मान, त्यांच्या येण्याची वाट पाहणारी माणसं, एवढंच काय, लपणाची किल्लीसुद्धा तळ्याभोवतीच्या उद्यानवाल्यांनी त्यांच्याच ताब्यात दिलेली. दिसत नाही हे कळलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. हळहळले असते, खांद्यावर हात ठेवला असता. आणि बाबांना नेमकं तेच नको होतं. हे मला कळत होतं, म्हणून तर मी अडकले. राग यावा असं माणूस असतं तर केव्हाच सुटले असते.

घरापासून तळ्यापर्यंतच्या रस्त्यावर सांगू, असं ठरवलं. पण बाबा बोलत सुटले. यंदा पाणी कसं उशिरापर्यंत टिकलंय, नव्या माणसांना आधी काय दाखवायचं, मागच्या वेळी कुणीतरी अत्तर लावून आलं होतं आणि पक्षी सोडा, आपल्यालाच शिंका आल्या. मी दोनदा "बाबा" म्हणाले. दोन्ही वेळा त्यांनी "हो हो" म्हणून पुढचं वाक्य सुरू केलं. एरवी घरात त्यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर नाकीनऊ येतात. फाटक आलं तेव्हा माझं वाक्य तसंच तोंडात होतं.

फाटकाशी मंडळी जमली होती. ती सकाळ दरवर्षीसारखी नवख्यांसाठी ठेवलेली. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, गळ्यात कोरी करकरीत दुर्बीण आणि तोंडभर उत्साह. एक नुकतं लग्न झालेलं जोडपं होतं. त्यातली ती पूर्ण जागी होती आणि तो उभ्या उभ्या झोपत होता. आणि आमच्यातलेच जुने एक गृहस्थ, ज्यांना सगळे लेन्सवाले म्हणतात, कारण त्यांच्या कॅमेऱ्याची नळी तोफेएवढी आहे आणि ती ते बाळासारखी कडेवर घेऊन फिरतात.

डॉक्टरीणबाईंनी माझा हात बाबांच्या कोपरात पाहिला आणि त्यांचा चेहरा विरघळला. "काका, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं हो."

"लागतं ना," बाबा म्हणाले.

मी हसले. दुसरं काय करणार?

लाकडी फळ्यांच्या पुलावरून आम्ही लपणापर्यंत गेलो. बाबांनी शर्टाच्या आतून दोरीतली किल्ली काढली, कुलूप चाचपलं, उघडलं. मी आत शिरून नेहमीच्या जागी बसले, अगदी टोकाला, भिंतीला खेटून. उजवीकडे बाबा. त्यांच्यापलीकडे डॉक्टरीणबाई, मग जोडपं, आणि दाराशी लेन्सवाले. बाबांनी आतून कडी लावायला सांगितली. आता बाबा उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. मी फोन बंद करून खिशात टाकला. फटीबाहेर नुकतं उजाडत होतं.

आमची पद्धत अशी. बाबा उजव्या हाताने दुर्बीण डोळ्यांना लावतात. डावा हात फटीखालच्या फळीवर पालथा ठेवतात आणि त्याच्याखाली माझा उजवा हात असतो. सावलीत, कुणाला दिसत नाही. दिसला तरी लेक बापाचा हात धरून बसलीय, एवढंच वाटतं. मी त्यांचा अंगठा दाबला की बदक. पहिलं बोट म्हणजे लांब पायांचा पक्षी. मधलं बोट शिकारी पक्ष्याचं, करंगळी चिमुकल्यांची. मग तळव्यावर रेघ ओढायची, डावीकडे की उजवीकडे, जवळ की लांब. उरलेलं ते कानांनी भरून काढतात, आणि तळ्यात कोण कुठे बसतं या जन्मभराच्या ओळखीने. बोलायला बंदी त्यांनीच घातलेली, त्यामुळे हा सगळा खटाटोप त्यांनीच शोधून काढावा लागला. ज्या दिवशी तो पहिल्यांदा जमला त्या दिवशी घरी येताना ते शीळ घालत होते. तेव्हा मलाही गंमत वाटली होती, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरीणबाईंचं बोट वर झालं. पाण्यावर उजवीकडे काहीतरी पोहत होतं. मी अंगठा दाबला, उजवीकडे रेघ ओढली. बाबांनी दुर्बीण सावकाश तिकडे वळवली.

"उजवीकडे, पाण्यात," ते कुजबुजले. "चोच पाहा. पुढे पसरट, पळीसारखी. पाण्यावरून फिरवत चाललाय बघा. थापट्या."

सगळ्यांनी पाहिलं. चोच खरंच पळीसारखी होती. मी फक्त बदक म्हटलं होतं. थापट्या त्यांनी आवाजावरून काढला. पाणी गाळत चाललेल्या चोचीची सुळसुळ मला ऐकूही आली नव्हती.

मग टिबुकली आली, बुडाली, भलतीकडेच वर निघाली. मग राखी बगळा. मग शेकाट्यांचा थवा उथळ पाण्यात उतरला. तांबडे लांबच लांब पाय, काळे पंख, आणि सारखी किक-किक-किक तक्रार. बाबा प्रत्येकाची ओळख करून देत होते. कुठे पाहायचं, कशावरून ओळखायचं, कशाशी गल्लत होते. नव्या नवरीने तर झोपलेल्या नवऱ्याला ढोसलून जागं केलं. सगळे बाबांकडे ज्या नजरेने पाहत होते ती नजर बाबांना दिसत नव्हती, पण ते तिच्यात उबेला बसल्यासारखे बसले होते.

मी सगळं पाहत होते आणि काही पाहत नव्हते. ऊन पाण्यावर पुढे सरकत होतं. डाव्या खांद्याला भिंत, उजव्या हातावर बाबांचा हात, समोर बोटभर रुंदीचं तळं. ओरडायचं नाही, उठायचं नाही, खोकायचं तर रुमालात. माझा जीव इतका घुसमटला की मी रुमालात उगाचच खोकले, काहीतरी करायचं म्हणून. बाबांनी काळजीने माझी बोटं दाबली. नंतर आणखी एकदा दाबली. ती काळजी नव्हती, पुढचा पक्षी सांग, असं होतं.

सांगायचं तर आत्ताच सांगावं, असं मनात आलं. पण कसं? आमच्या बोटांच्या भाषेत बदक होतं, बगळा होता, घार होती. मी जाणार आहे, याला बोट नव्हतं.

आणि मग मला भयंकर राग आला. बाबांचा नाही, माझाच. शिवणाऱ्या बाईचा हात, आणि तो मी या फळीवर पडदे शिवल्यासारखा वापरतेय. सरळ, सरळ, सरळ. मी हात काढून घेतला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

बाबांची बोटं फळीवर चाचपडली. आधी हळू, मग जरा घाईने. ते माझ्याकडे वळले नाहीत, दुर्बीण डोळ्यांना तशीच. डाव्या हाताने तेवढं फळीचं लाकूड चाचपत राहिले. मला ते बघवेना, म्हणून मी फटीबाहेर पाहिलं. आणि नेमका तेव्हाच तो आला.

मोठा शिकारी पक्षी, तळ्याच्या पलीकडच्या टोकाकडून, संथ. त्याच्या पंजात मासा होता, अजून वळवळणारा. बदकांनी गिल्ला केला. लपणात एकदम चार बोटं वर झाली. डॉक्टरीणबाईंनी तर दोन्ही हात वर केले.

माझं मधलं बोट आपोआप हललं, मांडीखालीच. मी ते हलू दिलं नाही.

बाबांची दुर्बीण थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. बदकांचा आरडाओरडा त्यांना ऐकू येत होता, म्हणजे वर शिकारी आहे एवढं कळलं असणार. मग त्यांनी अंदाज केला.

"घार," ते कुजबुजले. "नेहमीची घार."

मग लेन्सवाले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळे लावून, नियम विसरून चक्क बोलले. "घार? काका, पंजात मासा आहे. पोट पांढरंशुभ्र. ही घार कशी असेल?"

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे पाहिलं. मग बाबांच्या दुर्बिणीकडे. ती पक्ष्याच्या बरीच खाली, नुसत्या पाण्याकडे लागलेली होती.

मला वाटलं आत्ता धरणी दुभंगावी. मी हे मुद्दाम केलं होतं का? नाही. हो. मला सुटायचं होतं, त्यांना उघडं पाडायचं नव्हतं. पण एकातून दुसरं होणार हे मला माहीत नव्हतं, असं कुठल्या तोंडाने म्हणू?

बाबांनी दुर्बीण खाली ठेवली. बराच वेळ तिच्या पट्ट्याची गुंडाळी करत राहिले.

"मग कैकर असेल," ते म्हणाले. कुजबुजून नाही, साध्या हलक्या आवाजात. "मासा घेऊन जातो तो कैकर. मला दिसला नाही. मला दिसतच नाही. दोन वर्षं झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जिना, डॉक्टर, फळीवरचे हात, बोटं. लाज वाटल्यासारखं नाही. दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसं. "आजवर इथे मी जे जे दाखवलं ते हिने पाहिलेलं होतं. मी नुसता पोपट."

नव्या नवरीचे डोळे भरले होते. आणि मला, हे सांगायला संकोच वाटतो, पण मला हलकं हलकं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. संपलं. आता लपवायला काही उरलं नाही, आता मी लागणार नाही. बाहेर पडल्यावर पुलावरच सांगून टाकू, अजून दुपार कुठे झालीय.

तेवढ्यात बाबांनी शर्टात हात घातला आणि दोरी डोक्यावरून काढली. "आजपासून ही किल्ली हिची," ते म्हणाले. "लपण हिचं. दर रविवारी हीच दाखवेल. मी शेजारी बसेन." आणि माझा चेहरा हाताने शोधून, कानांवरून नीट सरकवून, त्यांनी ती दोरी माझ्या गळ्यात घातली.

लपणात टाळ्या वाजवायच्या नसतात. हात वर करून बोटं हलवायची, ही पद्धतसुद्धा बाबांचीच. सगळ्यांनी हात वर केले. लेन्सवाल्यांनी तोफ मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांची बोटं हलवली. डॉक्टरीणबाई रडत होत्या आणि बोटं हलवत होत्या. एवढी वीस-पंचवीस बोटं माझ्याकडे तोंड करून लवलवत होती आणि आवाज कसला तो नाही. किल्ली गळ्याला गार लागत होती.

"नाही," मी कुजबुजले.

"बघा, लाजतेय," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या.

"नाही, बाबा. मला नकोय."

"सवय होईल, बाळ," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझा हात शोधून, ओढून आपल्या हाताखाली घेतला. नेहमीच्याच जागी, फळीवर.

"मी जाणार आहे!"

हे मी ओरडले. इतक्या मोठ्याने की लाकडी भिंती घुमल्या. झोपाळू नवरा दचकून उभा राहिला आणि त्याचं डोकं छताच्या वाशावर आपटलं. बाहेर सगळं तळं उठलं. एका क्षणात पाण्यावरचं होतं नव्हतं ते आकाशात गेलं.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी उभी राहिले, भिंतीला पाठ लावून, आणि सगळं बोलले. नाटक कंपनी, मखमल, उलटा केलेला कोट. आज दुपारपर्यंत कळवायचंय, परवा गाडी सुटते. दोन वर्षं मी थोडे दिवस थोडे दिवस करतेय. सकाळपासून सांगायचा प्रयत्न करतेय आणि तुम्ही मला बोलू देत नाही. दादाला सांगा तुमच्या डोळ्यांचं, आजच सांगा. कामाला बाई ठेवू, मी पैसे पाठवीन, पण मी या फळीवर म्हातारी होणार नाही. शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण ते सगळ्यांत खरं होतं.

"अगं, पण काका एकटे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जरा विचार कर ना."

"केलाय," मी म्हणाले.

"अहो, तिला बोलू द्या," लेन्सवाले पुटपुटले. त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

बाबांनी मान खाली घातली होती. ते रागावतील असं मला वाटलं, रागावायला हवे होते. पण त्यांनी विचारलं, "काय शिवायचं असतं तिथे?"

"कोट," मी म्हणाले. "झगे. राजाचे अंगरखे, शिपायांचे डगले. रोज काहीतरी फाटतं, रोज नवीन."

"सरळ शिलाई नाही?"

"नाही, बाबा."

"हं," ते म्हणाले.

रस्त्यात ते बोलत सुटले होते ते उगाच, की त्यांना काही कळलं होतं म्हणून? किल्ली माझ्या गळ्यात घातली ती मायेने, की मला बांधून ठेवायला? मला अजूनही ठरवता येत नाही. त्यांना तरी ठरवता येईल की नाही कोण जाणे.

बाहेर उठलेला थवा अजून तळ्यावर घिरट्या घालत होता. बाबांनी तोंड फटीकडे केलं. डावा हात आपसूक फळीवर गेला आणि उताणा झाला, बोटं जरा उघडी. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. माझ्या मात्र आलं. मी परत बसले असते. खरंच बसले असते, एवढा तो हात मला ओळखीचा होता. मी गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली त्या तळव्यावर ठेवली. मूठ मिटली.

"काय काय उडालं?" बाबांनी विचारलं. मला नाही. नुसतं, समोरच्या उजेडाला विचारल्यासारखं.

वर शेकाटे होते. सगळ्या तळ्याचे शेकाटे, किक-किक-किक करत, तांबडे पाय मागे लोंबकळत. त्या आवाजावरून बाबा त्यांना झोपेतही ओळखतील.

"बगळे, काका!" डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या. डोळे पुसत, फटीला नाक लावून. "सगळे बगळेच बगळे आहेत!"

मी थांबले. बाबा आता बोलणार. बाबांनी आजवर चुकीचं नाव कानाआड केलेलं नाही. आई आजारी होती, शेवटच्या दिवसांत, आणि दवाखान्याच्या खिडकीवर एक होला येऊन बसला होता. मोठे डॉक्टर आईला बरं वाटावं म्हणून म्हणाले, बघा, कबुतर आलंय. बाबांनी तिथे, त्या खोलीत, आईच्या उशाशी उभं राहून सांगितलं की ते कबुतर नाही, होला आहे. आई हसली होती.

बाबांनी कान थव्याकडे लावलेला मला दिसत होता. ओठ हलले. किक-किक-किक आमच्या डोक्यावरून गेलं, इतक्या जवळून की नव्या नवरीने वर पाहिलं.

"हो," बाबा म्हणाले. "बगळेच ते."

मग मान न वळवता मला म्हणाले, "कडी काढ आणि जा. दुपार व्हायला आली असेल."

मी सगळ्यांच्या गुडघ्यांपुढून, कुणाच्याच तोंडाकडे न पाहता, दारापर्यंत गेले. लेन्सवाल्यांनी पाय आवरून मला वाट दिली. कडी घट्ट झाली होती, ती निघेपर्यंत मला मागे बघायचा धीर झाला नाही. पुलावर आले आणि फोन सुरू केला. दोनदा चुकीचं बटण दाबलं.

दार मी लोटलं होतं, पण ते पुरतं लागलं नव्हतं. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, आता त्या बाबांच्या शेजारी सरकल्या असणार. पाण्यावर परत उतरणाऱ्या एकेका पक्ष्याचं नाव त्या सांगत होत्या. टिबुकलीला बदकाचं पिल्लू म्हणाल्या. पाणकोंबडीला बदक म्हणाल्या. दर वेळी बाबांचं उत्तर यायचं. हो. हो. असेल. हो.

परत जाऊन एकदा, फक्त एकदा, बरोबर नाव सांगून यावं, असं मला इतकं वाटलं की मी पुलाचा कठडा घट्ट धरला. फोनमधे घंटी वाजत होती. आत पुन्हा काहीतरी चुकलं आणि पुन्हा बाबा हो म्हणाले. पलीकडून बाईंनी फोन उचलला आणि कामाच्या आवाजात विचारलं, "काय ठरलं?"

"येतेय मी," मी म्हणाले. "परवा. गाडी कुठून सुटते, ते सांगा."